पुट्टीखालचा पत्रा

आमच्या घरी गाडी आली ती टोचन करून. २०२४ च्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेला त्या संध्याकाळी, एका टेम्पोच्या मागे दोरखंडाने बांधलेली फोर्ड इकॉन जगनाडे चौकाकडून वळून नंदनवनमधल्या आमच्या गल्लीत शिरली, तेव्हा समोरच्या ओट्यावरच्या मंडळींना वाटले की आमचा कुठेतरी अपघात झाला. मुलांच्या अम्मी दारात आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता आत जाऊन चहाचे आधण ठेवले. तीस वर्षांच्या संसारात आम्ही एवढे शिकलो आहोत की त्या बोलत असल्या म्हणजे धोका कमी असतो.

आम्ही मराठीचे मास्तर. २०१९ साली निवृत्त झालो. यंत्रातले आम्हाला फाउंटन पेनापलीकडे काही कळत नाही. ही गाडी घेतली ती धाकट्या चिरंजीवांसाठी. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, बुटीबोरीच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागले, कंत्राट संपले आणि आठ महिने घरात मोबाइलकडे बघत बसून होते. हसनबागेतले मिस्त्रीचाचा आमच्या जुन्या ओळखीचे. ते एकदा म्हणाले, "मास्टरसाब, लडके के हाथ में पाना दो. मोबाइल अपने आप छूटेगा." हिशेब सोपा वाटला. पंचेचाळीस हजारांची बंद गाडी घ्यायची, घरच्या अंगणात उभी करून दुरुस्त करायची, शौकिनाला विकायची. जो नफा येईल त्यातून हवेचा कंप्रेसर घ्यायचा आणि पोराने स्वतःचे काहीतरी सुरू करायचे.

इकॉनच का, तर शौकीन अजून हिला शोधत असतात. १९९९ साली ही गाडी आली, चेन्नईजवळच्या मरैमलैनगरच्या कारखान्यात बनलेली. तिचे १.६ लिटरचे पेट्रोल इंजिन नव्वदीच्या वर अश्वशक्ती देत असे. त्या काळात साध्या घरातल्या माणसाला परवडेल अशा चारचाकीत एवढी ताकद क्वचित मिळायची. जाहिरातीत तिला 'जोश मशीन' म्हणत. भाषेच्या मास्तरला हा शब्द सोडवेना. जोश म्हणजे आपल्याकडे उत्साह, आवेश; पण फारसीत त्याचा मूळ अर्थ उकळणे. आमच्या गाडीने हा मूळ अर्थ पहिल्याच दिवशी सिद्ध केला. चाचांनी कशीबशी सुरू केली आणि दहाव्या मिनिटाला बॉनेटखालून वाफ निघाली.

कारण कळायला दोन दिवस लागले. इंजिनाच्या डोक्याशी थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते, तापले की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ देते. ही झडप ज्या प्लास्टिकच्या डब्यात बसते त्याला बारीक तडा गेला होता. वीस उन्हाळे खाल्लेले प्लास्टिक, ते तरी किती टिकणार? पण डबा उघडला तर आत झडपच नव्हती. कोणीतरी 'गाडी गरम होते' म्हणून काढूनच टाकलेली. आपल्याकडे हा उपाय फार चालतो. त्यामुळे थंडीच्या दिवसात इंजिन कधी नीट तापत नाही, गाडीच्या संगणकाला ते सदा थंडच वाटते, तो पेट्रोल जास्त सोडतो आणि मालक म्हणतो, गाडी पिते फार. त्यावर कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरलेले. रेडिएटर उघडला तेव्हा आत चहाच्या जुन्या किटलीसारखा पांढरा थर. चाचा चिरंजीवांना म्हणाले, "देख बेटा, बीमारी एक थी. इलाज करनेवालों ने चार कर दी."

नवा डबा मिळवणे हे एक प्रकरण झाले. इकॉन २०११ मध्येच बंद पडली आणि २०२१ मध्ये कंपनीने भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. अशा गाड्यांचे सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीत मायापुरीत धुंडाळायचे. चिरंजीव सेवाग्राम एक्स्प्रेसने कुर्ल्याला जाऊन आले. तिथे एका दुकानदाराने त्यांना सांगितले की याच घराण्याचे इंजिन ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेतही चालले. पोरगा घरी आला तो थर्मोस्टॅटचा डबा, दोन लोअर आर्म आणि ब्राझीलचे कौतुक घेऊन. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो जेवताना बोलत होता.

पुढचे चार-पाच महिने अंगणात आम्हाला जागा उरली नाही. जास्वंदीच्या कुंड्या गच्चीवर गेल्या. शेजारच्या काकांनी त्यांच्या घरातून विजेची वायर ओढून दिली आणि रोज संध्याकाळी खुर्ची टाकून सल्ले दिले, जे विजेपेक्षा महाग पडले. आमचे काम बॅटरी धरण्याचे. पहिल्याच रात्री आम्ही दोघांनी जॅक लावून गाडी उचलली आणि खाली विटा रचल्या. चाचा आले, त्यांनी एका विटेवर हातोडी हळूच टेकवली, वीट फुटली. ते काही बोलले नाहीत. तासाभराने दोन लोखंडी घोड्या पाठवून दिल्या. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, कारण वीट फुटायच्या आधी चिरंजीव अर्धा तास त्या गाडीखाली होते.

लोअर आर्मचे बुश बदलले, शॉकअप बदलले. ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या होत्या, त्या साफ करून ग्रीस लावले. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे टाकले, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि एवढ्या जुन्या गाडीचे रबर त्याच्यासाठी बनलेले नसते. पेट्रोलची गळती म्हणजे आगीशी गाठ. इथे काटकसर करायची नाही, असे चाचांनी बजावले होते.

गाडी ठाणे पासिंगची, म्हणजे खाऱ्या हवेतली. विकणाऱ्या एजंटने ती चकाचक रंगवून दिली होती. चाचांनी खिशातून स्पीकरचे जुने लोहचुंबक काढले आणि दाराखालच्या पट्टीवर फिरवले. टक, टक, टक, आणि मग एकदम काही नाही. चुंबक हातातून सुटून खाली पडले. तिथे पत्राच नव्हता. बोटभर जाड पुट्टी होती, वरून रंग. टोकरले तर खालून तपकिरी भुगा आला. आम्ही विचारले, परत पुट्टी भरून रंग मारला तर? चाचा म्हणाले, "दो बारिश निकल जाएगी. तीसरी में जो बैठेगा, वो जाने." डेंटरने गंजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचे नऊ हजार सांगितले. आमच्या मनात दोन पावसाळे बरेच होते. चिरंजीवांनी मात्र त्याच दिवशी खडूने रेघ मारून कुठून कापायचे ते दाखवले.

आणि मग तो पुठ्ठा सापडला.

मीटरवर ८६,३१२ किलोमीटर होते. एजंटने हा आकडा आम्हाला तीनदा दाखवला होता. डिसेंबरात चिरंजीवांनी एअर फिल्टरचा डबा पूर्ण उतरवला, तेव्हा त्याच्या खाली तारेने बांधलेला, तेलाने काळा झालेला पुठ्ठ्याचा टॅग लटकत होता. ऑइल बदलले की गॅरेजवाले बांधतात तसा. त्यावर बॉलपेनने २०१६ ची तारीख आणि आकडा: १,८७,४००.

मीटर मागे फिरवलेले होते. आठ वर्षांपूर्वीच पावणेदोन लाखांच्या पुढे गेलेली गाडी. आज खरा आकडा किती, ते अल्लाहलाच ठाऊक. आम्ही हादरलो. चाचांनी शांतपणे चारही प्लग काढले, एकेका सिलिंडरला गेज लावून कंप्रेशन पाहिले. चारही जवळजवळ सारखे निघाले. "इंजन ठीक है," ते म्हणाले, "मीटर झूठा है. इंजन को झूठ बोलना नहीं आता."

२०२५ चा मे आला. नागपूरचा मे. दुपारी दोनला, एसी लावून, आम्ही दोघे उमरेड रोडने गेलो आणि परत आलो. तापमानाचा काटा मधल्या रेघेवर बसला तो हलला नाही. तिसऱ्या गिअरमध्ये चिरंजीवांनी एकदा पाय दाबला, तेव्हा आम्हाला जोश या शब्दाचा दुसरा अर्थही समजला. आम्ही 'हळू' म्हणालो, पण फारशा जोरात नाही.

खर्च एकूण एक लाख नऊ हजार झाला होता, गाडीच्या किमतीसकट. आता विकायची. आणि आता आम्ही जे केले ते लिहायला हवे, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

आम्ही चिरंजीवांना म्हणालो, मीटर आपण फिरवलेले नाही. कोणी विचारले तर 'मीटरवर ८६ हजार आहेत' असे सांगायचे. 'गाडी ८६ हजार चालली आहे' हे वाक्य खोटे. 'मीटरवर ८६ हजार दिसतात' हे वाक्य खरे. बत्तीस वर्षे आम्ही वाक्यपृथक्करण शिकवले, ते त्या दिवशी कामाला आले. पुठ्ठ्याचा टॅग? तो काढून ठेवायचा. फाडायचा नाही, नुसता काढून ठेवायचा.

चिरंजीव हात पुसत होते. म्हणाले, "अब्बा, ते ओल्या धान्याचं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

सांगितले होते. पोरगा सात-आठ वर्षांचा असेल. गच्चीवर गहू वाळत घातला होता आणि आम्ही त्याला पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जात असतानाची हकीकत सांगितली होती. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजले. मग ते वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. आम्ही ही गोष्ट किती रंगवून सांगितली असेल! पोराने गव्हात हात घालून घालून अर्धा गहू गच्चीभर केला होता आणि अम्मींच्या शिव्या आम्ही खाल्ल्या होत्या.

पहिला गिऱ्हाईक मनीषनगरचा तरुण. गाडी त्याला फार आवडली. चिरंजीवांनी बॉनेट उघडून टॅग दाखवला. तो 'घरी विचारतो' म्हणाला आणि परत आला नाही. दुसरा गाड्यांचा धंदा करणारा. त्याने एक लाख चाळीस हजार देऊ केले, रोख. अट एकच, "तो पुठ्ठा तेवढा काढून द्या, पुढचं मी बघतो." एकतीस हजारांचा नफा. कंप्रेसर त्यात आला असता. चिरंजीव नाही म्हणाले. आम्ही त्या गृहस्थांना गेटपर्यंत सोडायला गेलो आणि खरे सांगायचे तर त्यांचा नंबर मागून घेतला.

त्या रात्री घरात मोठा आवाज झाला. आम्ही म्हणालो, पेन्शनीतले पैसे आहेत. तो म्हणाला, माझे हात आहेत. मग तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. निरोप अम्मींमार्फत जात होते. चौथ्या दिवशी त्यांनी निरोप न्यायचे बंद केले आणि दोघांची ताटे शेजारी शेजारी ठेवली. आम्ही नंबरची चिठ्ठी ताटाखाली सरकवली. त्याने ती उचलली, वाचली नाही, हात पुसायच्या फडक्यात टाकली.

गाडी पावसाळाभर उभी राहिली. दाराखालचा नवा पत्रा कोरडा राहिला, हे आम्ही दर पावसानंतर वाकून पाहत होतो.

नोव्हेंबरात अजनीहून एक रेल्वेतले गृहस्थ आले. तरुणपणी त्यांच्या साहेबांकडे हीच गाडी होती म्हणे. चिरंजीवांनी सगळे सांगितले: मीटर खोटे आहे, १,८७,४०० च्या पुढे किती ते माहीत नाही, डाव्या दाराखालचा पत्रा नवा आहे. आम्हीही मग एक भर घातली. गाडी २००३ ची, नोंदणी २०२८ पर्यंत. पण वीस वर्षांपुढच्या गाडीच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झाले आहे, आधी पाच होते, ते धरून चाला. गृहस्थांनी आमच्याकडे नीट पाहिले. विकायची आहे ना, असे विचारले. मग बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि एक लाख बारा हजारांना घेऊन गेले. टॅग जागेवरच होता. त्याखाली चिरंजीवांनी नवा बांधला होता, त्या दिवशीच्या तारखेचा, मीटरचा आकडा आणि पुढे कंसात 'चुकीचे'.

नफा तीन हजार. त्यात कंप्रेसर येत नाही. एक लोखंडी घोडी येते. ती चिरंजीवांनी आणली आणि जोडीची दुसरी चाचांकडून उसनी घेतली. चाचांनी आपल्या शेडचा एक कोपरा त्यांना दिला आहे. सकाळी नऊला जातात, रात्री काळे होऊन येतात. अंगणात तेलाचा एक मोठा डाग राहिला आहे. अम्मींनी त्यावर सोडा टाकून पाहिला, साबण टाकून पाहिला, शेवटी जास्वंदीची कुंडी ठेवली.

आमच्या स्कूटरचे मीटर २०१८ पासून बंद आहे. चार वेळा सांगून झाले, चिरंजीवांना वेळ मिळत नाही.