फोटोतली जाळी



सुट्टी लागली की नातवंडांचा राणीबागेचा हट्ट सुरू होतो. आम्हा सातपाटीकरांना ती काही जवळ नाही. रिक्षाने पालघर, गाडीने दादर, तिथून मध्य रेल्वेने भायखळा. बुधवारी बाग बंद असते, एवढे ध्यानात ठेवा. घरी आल्यावर मोबाइलमध्ये शंभरेक फोटो निघतात आणि वाघ बघायला जावे तर काचेत आपलाच चेहरा दिसतो!

१८६२ सालच्या या बागेत आता बऱ्याच ठिकाणी गजांऐवजी मोठ्या काचा आहेत. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आणलेले हम्बोल्ट पेंग्विनही काचेआडच, थंड केलेल्या दालनात राहतात. काचेतून फोटो घेताना मोबाइल काचेला अगदी टेकवावा, म्हणजे प्रतिबिंब येत नाही. फ्लॅश बंद ठेवावा. काचेवर पांढरा डाग पडतो आणि प्राण्यालाही त्रास होतो. जाळी असेल तर मोबाइल जाळीला लावून धरावा आणि प्राणी मागे लांब असताना फोटो घ्यावा. जाळी धूसर होऊन जाते.

मुख्य म्हणजे थांबावे. वाघाने आपल्याकडे बघावे म्हणून काच वाजवणारे, शिट्ट्या मारणारे पुष्कळ दिसतात. वन्यजीव संरक्षण कायद्यानेच प्राणिसंग्रहालयात प्राण्याला डिवचणे, खायला घालणे, आवाज करून सतावणे मना आहे. आणि आपल्याला तर हे कायद्याने सांगावे लागू नये.

घरी आल्यावर पुढचे काम माझ्या दहावीतल्या नातीचे. तिने मला स्नॅपसीड शिकवले. कडेची गर्दी कापायची, सावलीतला भाग उजळायचा, काचेमुळे आलेली निळसर-हिरवट झाक काढायची. बिबट्याचे ठिपके कसे उठून दिसतात! इथवर आमचे एकमत. पण एकदा तिने बोट फिरवून जाळीच पुसली, मागे दाट जंगल लावले आणि म्हणाली, “आजी, बघ, ताडोबा!”

मी बी.कॉम. झालेली बाई. वर्षअखेरीला राहिलेल्या नोंदी पुऱ्या करून खरी स्थिती दाखवतात, त्या झाल्या ॲडजस्टमेंट. आणि स्थिती आहे त्याहून बरी दिसावी म्हणून आकडे सजवतात, त्याला आम्ही विंडो ड्रेसिंग म्हणत असू. उजेड वाढवणे ही ॲडजस्टमेंट. कैदेतल्या जिवाला रानात दाखवणे हे विंडो ड्रेसिंग.

जगातही याची दखल घेतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला. पुढच्या वर्षी ते बक्षीस काढून घेतले, कारण लांडगा रानातला नसून माणसाळवलेला असावा असे परीक्षकांचे मत झाले. छायाचित्रकाराने ते मानले नाही. फोटो सुंदरच होता. प्रश्न होता तो त्याबद्दल जे सांगितले गेले त्याचा.

नात हुशार. म्हणाली, “मग तू मोबाइल जाळीला लावून जाळी घालवतेस ते?”

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटले, जाळी दिसली नाही तरी चालेल, पण ती नव्हती असे कुणाला वाटता कामा नये. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ आहे, म्हणजे जिवाला बांधून, कोंडून ठेवणे. प्राणिसंग्रहालये असावीत की नसावीत यावर आपल्यात दोन मते असतील. तिथे जखमी प्राण्यांवर उपचार होतात, मुलांना प्राण्यांची ओळख होते, हेही खरे. पण तो जीव तिथे आपल्या मर्जीने आलेला नाही. आपण मजेत बघून परत येतो, तो तिथेच राहतो. निदान त्याचे कोंडलेपण आपण लपवू नये.

म्हणून आमच्या घरी आता एक नियम आहे. रंग, उजेड, कातरणी हवी तेवढी करा. मागचे जंगल बदलायचे नाही. आणि फॅमिली ग्रुपवर टाकताना प्रत्येक फोटोखाली ‘राणीबाग, भायखळा’ असे लिहायचेच. दोन शब्दच लागतात, पण बघणाऱ्याला तो प्राणी कुठे आहे ते कळते.