गंगा आली की वेळ कुठून येतो?

"मला मेलीला मरायला वेळ नाही!" गेल्या आठ दिवसांत हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हणालात, खरं सांगा बघू. आणि म्हणताना कुरकुरीबरोबर थोडा अभिमानही होता की नाही? आम्हा राजापूरकरणींच्या तोंडी तर ते कायमचंच. पण मैत्रिणींनो, 'गंगा आली' अशी नुसती बातमी कानावर पडायचा अवकाश, की याच मरायला वेळ नसलेल्या बायका दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाळे गावच्या वाटेला लागलेल्या दिसतात!

बाहेरगावच्या वाचकभगिनींसाठी सांगते. राजापूरजवळ उन्हाळे म्हणून गाव आहे. तिथे गरम पाण्याचा झरा आहे आणि वर चौदा कुंडं. एरवी ही कुंडं कोरडी असतात. साधारण तीन वर्षांनी एकदा त्यांत आपोआप पाणी येतं, काही आठवडे राहतं आणि आलं तसं निघून जातं. जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठतं, ती भरली की वळणनळीने उपसावं तसं ते बाहेर पडतं, असा एक खुलासा जाणकार देतात. अलीकडे तर तिने तीन वर्षांचा नेमही सोडलाय. कधी येईल, किती दिवस राहील, काही सांगता येत नाही.

म्हणजे बघा, आधी ठरवून ठेवावं अशी सोयच नाही. मग त्या दिवशी वेळ येतो कुठून? डबे, देवपूजा, पोळ्या, नळाचं पाणी, सगळं असतंच की! आगोटीच्या दिवसांत आली तर आमसुलं आणि पापड उन्हात पडलेले असतात. तरी आपण जातो, आणि घर काही कोसळत नाही.

हा हिशेब डोक्यात घोळत असतानाच सरकारी पाहणीचे आकडे वाचनात आले. देशातली माणसं दिवसाचा वेळ कशी घालवतात याची मोजणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये केली. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडून. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी 289 मिनिटं भरली, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची 88. मुलाबाळांचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. 2019 मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली म्हणून हुरळून जावं, तर त्यांनीही नऊ वाचवलीच!

मला खरी गंमत वाटली ती मोजण्याच्या पद्धतीची. अर्ध्या तासात अनेक कामं झाली, तर दहा मिनिटं किंवा अधिक चाललेलीच टिपायची, तीही जास्तीत जास्त तीन. मी एक दिवस वहीत तसे रकाने आखले. साडेनऊ ते दहाच्या रकान्यात काय होतं? डाळ भिजत घातली, गॅसवाल्याला दार उघडलं, ह्यांचा चष्मा शोधला, दूध बघितलं, सासूबाईंची गोळी दिली, फोन घेतला, मांजराला हाकललं, पुन्हा दूध बघितलं. एकही काम दहा मिनिटांचं नाही. सरकारी नियमाने त्या अर्ध्या तासात मी काहीच केलं नाही!

आपल्या वेळेचं असं होतं बायांनो. तो संपत नाही, त्याचा चुरा होतो. मिक्सर आला, कुकर आला, पाटा-वरवंट्याचा वेळ वाचला. पण वाचला तो पाच-पाच मिनिटांनी, आणि पाच मिनिटांत दुसऱ्याची हाक तेवढी ऐकून होते. शिवाय वाचलेल्या वेळात आपणच दुसरी भाजी टाकतो, हेही आहेच.

वही सासूबाईंना वाचून दाखवली. त्या अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांनी आपलं आयुष्य गंगांनी मोजलंय. 'थोरल्याच्या वेळची गंगा', 'अर्जुनेला मोठा पूर आला त्याच्या आदल्या सालची गंगा'. म्हटलं, "आई, एवढ्या वेळा स्नान केलंत, पुण्य किती झालं?" तर म्हणाल्या, "अगो, स्नान पाच मिनिटांचं. नंतर दोन तास झाडाखाली बसायला मिळायचं. गंगेवर जाते म्हटलं की कुणी अडवत नसे. घरात जरा पडते म्हटलं, की ताप आलाय का विचारायचे."

त्यांचं हे बोलणं मला त्या सगळ्या आकड्यांहून खरं वाटलं. आपल्याला वेळ मिळतो, पण तो घराला पटेल अशा कारणासाठी. देव, दुखणं, पाहुणे, पूर. 'मला बसायचंय' हे कारण चालत नाही.

मी मुक्त विद्यापीठाच्या बी. ए.ला नाव घातलंय. पुस्तकं पोळपाटाशेजारी उघडी ठेवून अभ्यास होत नाही, हे दोन महिन्यांत कळलं. तेव्हा घरात सांगून टाकलं, दुपारी तीन ते चार मी माडीवर. काय लागेल ते तीनच्या आत मागा. पहिल्या आठवड्यात तीन वेळा हाक आली, साखरेचा डबा कुठाय म्हणून. डबा तीस वर्षं एकाच फळीवर आहे. आता हे चहा करून घेतात. गोड होतो, पण होतो. रात्रीची दुसरी भाजी मात्र बंद झाली, आणि त्याबद्दल घरात अजून धुसफूस आहे.

सासूबाईंना आता गुडघ्यांमुळे गंगेची चढण जमत नाही. त्या तीनला पडवीत खुर्ची टाकून बसतात. परवा शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या, तर खालून आवाज आला, "सूनबाई गंगेवर गेलीय, चारला ये."

"अगोबाई, आली का गंगा? कधी?" म्हणत वहिनी धावत घरी गेल्या, सगळ्यांना सांगायला.