कोंबडीचं अभ्यंगस्नान

रविवारी कोंबडी आणणं माझ्याकडे आणि ती धुणं आईकडे, ही कामाची वाटणी आमच्या घरात माझ्या लग्नाच्याही आधीपासून आहे. आई कोंबडी नुसती धूत नाही, तिला अभ्यंगस्नान घालते. सिंकवरचा नळ पूर्ण सोडायचा, तीन पाण्यांतून तुकडे काढायचे, मग हळद-मीठ चोळून पुन्हा दोन पाणी. शेजारीच ओट्यावर आमची ही कोशिंबिरीला काकडी चोचवत असते. आणि मी दारात उभा असतो. बँकेत असतो तसाच, म्हणजे काही न करता.

गेल्या महिन्यात एका रविवारी असंच झकास जेवण झालं आणि मंगळवारी चिरंजीव आडवे झाले. ताप, पोटात मुरडा, बुधवारी सलाईन. मीही त्या दोन दिवसांत वर्तमानपत्र घेऊन इतक्या वेळा आत गेलो, की अग्रलेखसुद्धा वाचून झाले. आई आणि ही मात्र ठणठणीत. संशय अर्थातच कोंबडीवाल्यावर गेला.

माझी भाची अन्नशास्त्र शिकते. समाचाराला आली ती ऑडिटरसारखीच.

"मामा, रस्सा किती शिजवला होता?"

"चार शिट्ट्या. वर वाटण घालून पंधरा मिनिटं रटरटवला."

"मग रस्सा निर्दोष. कोंबडी आतपर्यंत ७४ अंशांना पोहोचली की हे जंतू मरतात."

मी उत्साहाने थर्मामीटर काढला. तो पडला तापाचा. ४२ अंशांवर त्याची नोकरी संपते. "राहू दे मामा," ती म्हणाली, "आजीच्या कुकरमध्ये त्याहून कितीतरी जास्त तापतं. भानगड शिजवण्याच्या आधी आहे. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर असले जंतू असू शकतात. धुऊन ते जात नाहीत, नळाच्या धारेनं शिंतोड्यांबरोबर उडतात. ओट्यावर, भांड्यांवर, काकडीवर. आता काकडी कोण शिजवतं?"

माझ्यातला बी.कॉम. खडबडून जागा झाला. रक्कम बरोबर, खातं चुकलं! कोंबडीच्या नावे पडायची ती नोंद कोशिंबिरीच्या नावे पडली होती. रस्सा सगळ्यांनीच ओरपला होता. कोशिंबीर आम्ही बापलेकांनीच संपवली होती. आईला ती चावत नाही, आणि हिच्यासाठी ती कधी उरतच नाही.

मग नियम झाले. कोंबडी बाजारात सगळ्यांत शेवटी घ्यायची. (मी ती पिशवीत घेऊन कटिंगला बसत असे आणि न्हाव्याबरोबर सरकार पाडून मगच उठत असे.) घरी आणली की झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात. आलं-लसूण लावून मुरवायची तीही तिथेच, ओट्यावर नाही. तिची सुरी आणि पाट वेगळे. हात साबणाने वीस सेकंद. हाडाचा चुरा दिसला तर कागदाने टिपून कागद टाकून द्यायचा. आणि धुवायची नाही.

हा शेवटचा नियम आईला सांगायचा कोणी? हिने माझ्याकडे पाहिलं, मी भाचीकडे पाहिलं, भाचीने चपला घातल्या.

दोन दिवस मी शब्द जुळवत होतो. अखेर एकदाचं सांगितलं. आई म्हणाली, "पन्नास वर्षं मी काय घाण खायला घातली तुम्हांला?" मी गप्प. रात्री दिवा मालवल्यावर तिने अंधारातून विचारलं, "म्हणजे पोराला माझ्यामुळेच का रे झालं?"

बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटी नोंद केलेली नाही.

"छे गं. काकडीच बाजारातून खराब आली होती."

"हं," आई म्हणाली.

पुढच्या रविवारी कोंबडी पारोशीच कुकरमध्ये गेली. आई स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली होती, पण एक शब्द बोलली नाही. पानावर मात्र "जरा उग्र लागते," म्हणाली आणि दुसरी तंगडी वाढून घेतली.

कोशिंबीर त्या दिवशी तिनेच केली. काकडी पाच पाण्यांनी धुतली, आणि पाट, विळी घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन, आतलं दार लावून घेऊन चिरली.