समुद्रकाठचे बिऱ्हाड

मराठीत 'घर' आणि 'बिऱ्हाड' हे शब्द एकमेकांच्या शेजारी नांदत असले, तरी त्यांचा व्यवहार निराळा आहे. घर बांधले जाते, बिऱ्हाड केले जाते. घराला पिढ्या असतात, बिऱ्हाडाला मुदत असते. आणि बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग कधीतरी येणारच, हे ते करतानाच गृहीत धरलेले असते. इंग्रजीतील किंवा फ्रेंचमधील भाडेकरूच्या घराला असा स्वतंत्र शब्द नाही. परंतु गेल्या दोन शतकांत भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर, मार्सेयच्या आसपासपासून थेट स्पेझियाच्या आखातापर्यंत, परदेशी लेखकांनी जे वास्तव्य केले, त्याला हाच शब्द नेमका लागू पडतो. त्यांतील बहुतेकांनी तेथे घरे घेतली नाहीत, बिऱ्हाडे केली. आपल्या विद्यापीठांतून 'भूमध्य किनाऱ्याचे साहित्य' म्हणून जे वाचले जाते, त्याचा फार मोठा भाग अशा भाडेकरूंनी लिहिलेला आहे, ही गोष्ट मात्र अभ्यासक्रम आखताना क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

'व्हिला' हा शब्द मूळचा रोमन. तेथे तो जमीनदाराचा शब्द होता. धाकट्या प्लिनीने समुद्राकाठच्या आपल्या व्हिलाचे दालन-दालन फिरवून दाखविणारे पत्र लिहिले आहे, ते मालकाचे पत्र आहे. दाराशी येणारी लाटही जणू त्याच्या मिळकतीत नोंदलेली आहे. आधुनिक काळात हा शब्द भाडेपट्टीवर आला, आणि त्याबरोबर त्यातून दिसणारा समुद्रही बदलला.

या बदलाचा पहिला ठळक दाखला म्हणजे शेलीचे अखेरचे बिऱ्हाड. १८२२ च्या एप्रिलअखेर शेली पतिपत्नी आणि त्यांचे स्नेही विल्यम्स दांपत्य यांनी लेरिचीजवळच्या सान तेरेन्झो या कोळ्यांच्या वस्तीत 'कासा मान्यी' हे घर उन्हाळ्यासाठी घेतले. दोन कुटुंबांनी एकत्र राहावे असे मुळात ठरलेले नव्हते. दुसरे घर मिळेना म्हणून ती सोय पत्करावी लागली. घर अक्षरशः समुद्रात पाय सोडून बसलेले. तळमजल्याचा उपयोग नावा आणि जाळी ठेवण्यापुरता. वर मधोमध एक मोठी खोली आणि तिला लागून निजण्याच्या खोल्या. सामानसुमान आणायचे तर साडेतीन मैलांवरचे सार्झाना गाव गाठावे लागे, आणि वाटेत माग्रा नदी आडवी येई. मेरी गरोदर होती. तिला ते घर पहिल्या दिवसापासून खायला उठले. १६ जून रोजी तिचा गर्भपात झाला; रक्तस्राव थांबेना, तेव्हा शेलीने तिला बर्फात बसवून वाचविले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १८ जूनला, शेलीने एका मित्राला पत्र लिहिले. गेटेच्या फाउस्टप्रमाणे आपणही सरत्या क्षणाला 'थांब' म्हणावे असे वाटते, असा त्यातील आशय आहे. त्याच पत्रात मेरीच्या दुखण्याची हकीकतही आहे.

या पत्रापाशी वाचकाने थबकावे. एकाच छपराखाली एकाला क्षण थांबवावासा वाटतो आणि दुसरीला कधी एकदा येथून निघू असे झालेले असते. चरित्रकार याची उकल स्वभावभेदाने करतात. ती अपुरी वाटते. बिऱ्हाडाचा म्हणून जो आनंद असतो, तो जबाबदारी नसण्याचा आनंद असतो. आणि घर कोणाचेही असो, त्यातील रांधणे, आजारपण, मुलेबाळे यांची जबाबदारी ज्या व्यक्तीवर पडते, तिच्या वाट्याला तो येत नाही. शेलीला समुद्र भाड्याने मिळाला होता; मेरीला संसार होता तसाच न्यावा लागला होता. ८ जुलै रोजी लिव्होर्नोहून परतताना शेली, विल्यम्स आणि त्यांचा नावेवरचा पोरगा असे तिघे बुडाले. शेली तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. 'द ट्रायम्फ ऑफ लाइफ' ही कविता अपुरी राहिली. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात येथे भर घालण्याचे कारण नाही.

मेरीने पुढे शेलीच्या कवितांना टिपणे जोडली. त्यांत सान तेरेन्झोच्या रहिवाशांचा उल्लेख येतो: रात्र रात्र किनाऱ्यावर गाणारे, नाचणारे, रानटी म्हणावेत असे लोक. त्या कोळ्यांनी या परक्या, दुःखी, पुस्तकांत बुडालेल्या बिऱ्हाडकरूंविषयी आपापसांत काय म्हटले असेल? त्याची नोंद साहित्याच्या इतिहासात नाही. त्या आखाताला आज 'कवींचे आखात' म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात हा किनारा गजबजला तो हवापालटासाठी. देवळाली, माथेरान, लोणावळे यांची सवय असलेल्या वाचकाला हे सांगण्याची गरज नाही. मुंबईकडच्या बोलीत तर 'सॅनिटोरिअम' या शब्दाचा अर्थच सुटीत काही दिवस राहण्याचे भाड्याचे घर असा होऊन बसला. भूमध्य किनाऱ्यावरही आरंभ क्षयरोग्यांनीच केला. १८५९ साली जेम्स हेन्री बेनेट हा इंग्रज डॉक्टर मरणाच्या तयारीने मांतों येथे आला आणि बरा झाला. त्याच्या पुस्तकाने त्या गावाचे नाव दूरवर पोहोचविले. हंगाम हिवाळ्याचा असे. शरद ऋतूत बिऱ्हाड करावयाचे आणि वसंत सरता सरता हलवावयाचे. प्रवेशाच्या दिवशी दलाल हातात यादी घेऊन येई आणि चमचे, बशा, पडदे, उशा मोजून ताब्यात देई. निघताना पुन्हा मोजणी. मधल्या काळात भाडेकरू काय काय घेऊन जात असे, त्याची नोंद अर्थातच त्या यादीत होत नसे.

कॅथरीन मॅन्सफील्डने काय नेले ते पाहण्यासारखे आहे. १९१५ च्या ऑक्टोबरात तिचा भाऊ महायुद्धात मरण पावला. १९१६ च्या आरंभी ती आणि मिडलटन मरी बाँदोल येथे 'व्हिला पोलीन' या लहानशा घरात राहिली. स्वयंपाकघरातल्या एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघे लिहीत. समोर भूमध्य समुद्र. आणि मॅन्सफील्ड लिहीत होती ते न्यूझीलंडमधले बालपण. त्या लिखाणाचे नाव 'द अ‍ॅलो'. (नावाने कोरफड, पण शंभर वर्षांतून एकदा फुलणारे असे जे तिचे वर्णन कथेत येते, ते आपल्या घायपाताला अधिक जुळते, भाषांतरकाराने येथे सावध राहावे.) पुढे त्याचीच 'प्रील्यूड' ही कथा झाली आणि १९१८ साली प्रसिद्ध झाली. कथेचा विषय काय? एक कुटुंब गावातले घर सोडून गावाबाहेरच्या घरात राहावयास जाते. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या टेबलावर, हलविलेल्या घराची कथा. भावाचे ऋण फेडावयाचे तर आपला देश लिहून काढला पाहिजे, असे तिने त्या दिवसांत मनाशी ठरविले होते. भूमध्य समुद्र त्या कथेत कोठेही नाही. तरीही ती त्या किनाऱ्याची कथा आहे, असे म्हणावेसे वाटते. कारण ज्या घरातल्या वस्तू आपल्या नाहीत, तेथेच आपल्या हरवलेल्या घरातल्या वस्तू इतक्या लख्ख दिसत असाव्यात.

डी. एच. लॉरेन्सची तऱ्हा निराळी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण त्याच्यासाठीच केली असावी. १९२० ते १९२२ तो सिसिलीत ताओर्मिना येथे 'फोन्ताना व्हेक्या' या भाड्याच्या घरात राहिला. 'स्नेक' ही त्याची प्रसिद्ध कविता तेथली. उन्हाच्या तडाख्यात साप हौदावर पाणी प्यायला येतो; कवी आपली घागर घेऊन मागे उभा राहतो; मग न राहवून त्याच्यावर लाकूड फेकतो आणि स्वतःच्या क्षुद्रपणाने खजील होतो. ही कविता आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकविली जाते. पण कवी त्या हौदाला 'माझा' म्हणतो, याकडे कोणा शिक्षकाने लक्ष वेधल्याचे ऐकिवात नाही. हौद घरमालकाचा, त्याच्याही आधी तो सापाचा असणार. ज्याचा हक्क भाडेपावतीपुरता, त्याने पाहुणचाराचा आणि अतिथिधर्माचा प्रश्न उभा करावा, यात एक विसंगती आहे. ती विसंगती कवितेला मारक ठरत नाही. कवीच्या शरमेला तिने एक अधिक पदर येतो, इतकेच.

लॉरेन्सच्या अखेरच्या महिन्यांतील बिऱ्हाडांची यादी कोणाच्याही पोटात कालवाकालव करील. १९२९ च्या शरदापासून बाँदोलला 'बो सोलेई'. मग व्हाँस येथील क्षयरोग्यांचे रुग्णालय. तेथे जीव रमेना म्हणून १ मार्च १९३० रोजी त्याच गावात 'रोबेरमाँ' हा व्हिला. दुसऱ्या दिवशी रात्री तो त्या घरात वारला. एका दिवसाचे बिऱ्हाड.

येथेच तुलनेच्या अभ्यासकाला लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आठवावे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मकथनात कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर असते, आणि गावोगाव ते टाकावे व उचलावे लागते. लॉरेन्सही दरिद्री होता, रोगी होता, स्वदेशात नकोसा झालेला होता. त्याच्या भटकंतीला कोणी चैन म्हणणार नाही. पण त्याला दार उघडून देणारा दलाल प्रत्येक गावात होता. 'तात्पुरते' या शब्दात ज्याला मोकळीक दिसते आणि ज्याला हकालपट्टी दिसते, त्यांचे साहित्य एका मापाने मोजता येणार नाही.

महायुद्धानंतर हिवाळ्याचा हंगाम उन्हाळ्याकडे सरकला. रोग्यांची जागा उन्हात अंग रापवून घेणाऱ्यांनी घेतली. स्कॉट फिट्झजेराल्ड १९२४ च्या उन्हाळ्यात साँ-राफाएलजवळ 'व्हिला मारी' भाड्याने घेऊन 'द ग्रेट गॅट्सबी' लिहीत होता. त्या कादंबरीचा निवेदक निक हा महिना ८० डॉलर भाड्याच्या लहानशा बंगलीत राहतो आणि शेजारच्या प्रासादाकडे पाहतो, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. एलिझाबेथ फॉन आर्निमच्या 'द एन्चान्टेड एप्रिल' (१९२२) या कादंबरीत तर 'टाइम्स'मधली भाड्याची जाहिरातच कथेला गती देते. लंडनच्या पावसाला कंटाळलेल्या चार अनोळखी स्त्रिया खर्च वाटून घेऊन इटलीच्या किनाऱ्यावरचा एक जुना किल्ला एप्रिलपुरता घेतात, आणि तेथील फुलांच्या बहरात त्यांची मने उमलतात. कादंबरी गोड आहे, विनोदीही आहे. पण जाहिरातीत घराबरोबर नोकरवर्गही मिळतो. स्वयंपाकीण आहे, माळी आहे. त्यांना नावेही आहेत. पडद्यांप्रमाणे आणि चमच्यांप्रमाणे तेही यादीतच आहेत. त्या एप्रिलने त्यांच्या मनाचे काय केले, ते कादंबरी विचारीत नाही.

मग किनाऱ्याची स्वतःची बाजू कोणी लिहिली? ती इतालो काल्व्हिनोने लिहिली, आणि ती फारशी रम्य नाही. काल्व्हिनो सानरेमोत वाढला. आईवडील दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ, घराभोवती दुर्मिळ झाडांची बाग. 'ला स्पेकुलाझिओने एदिलित्सिआ', म्हणजे बांधकामाचा सट्टा, ही त्याची दीर्घकथा १९५७ ची. युद्धोत्तर काळात रिव्हिएरावरच्या एका गावी सुटीसाठी येणाऱ्यांकरिता इमारतींचे पेव फुटले आहे. क्विन्तो हा सुशिक्षित, डाव्या विचारांचा मुलगा कर भरण्यासाठी आईच्या बागेचा तुकडा काइसोत्ती नावाच्या कंत्राटदाराला विकावयास निघतो. त्याला या व्यवहाराची शिसारी आहे, आणि ओढही आहे. आई मात्र उरलेल्या बागेत आपली झाडे सांभाळीत राहते, आणि शेजारी सिमेंटच्या भिंती चढत जातात. या कथेत समुद्राचे वर्णन शोधावयास गेले तर हाती फारसे लागत नाही; समुद्राकडची बाजू इमारतींनी अडविली आहे, हेच तर सांगायचे आहे. शेलीने जेथे क्षण थांबवू पाहिला, तेथून जवळच्या किनाऱ्यावर ही कथा घडते. इंग्रजीच्या वर्गांतून शेली आणि लॉरेन्स आपल्यापर्यंत सहज आले. काल्व्हिनोच्या कल्पनारम्य कादंबऱ्याही पुढे आल्या. पण हे पुस्तक मागेच राहिले. भाडेकरूंच्या भाषेत लिहिलेले साहित्य जगभर फिरते, मालकाच्या भाषेतले गावातच थांबते, हा साहित्यव्यवहार साधासुधा नाही.

तो आता केवळ साहित्यातला प्रश्नही राहिलेला नाही. बार्सिलोनाच्या महापालिकेने २०२४ साली असे जाहीर केले, की प्रवाशांना अल्पमुदतीने दिल्या जाणाऱ्या सदनिकांचे परवाने २०२८ अखेर संपुष्टात येतील. राहत्या लोकांना घरे परवडेनाशी झाली, हे त्याचे कारण. आपल्याकडे गोव्यात, बार्देशातील आसगाव-शिवोलीसारख्या गावांत, जुन्या घरांना 'व्हिला' हे नाव लागले आहे आणि ती दिवसांच्या हिशेबाने दिली जातात. त्या घरांत बसून इंग्रजीत पुस्तके लिहिली जात आहेत. शेजारच्या वाड्यावरच्या कोंकणी-मराठी लेखकाने या बिऱ्हाडकरूंविषयी काय लिहिले आहे, हे कोणीतरी गोळा केले पाहिजे. ते काम फार काळ लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

मॅन्सफील्ड १९२० च्या सप्टेंबरात पुन्हा या किनाऱ्यावर आली. मांतोंच्या 'ईझोला बेल्ला' या व्हिलात तिने कर्नलच्या मुलींची ती अप्रतिम कथा लिहिली. १९२३ मध्ये ती गेली. १९७० पासून न्यूझीलंडचे लेखक तिच्या नावाच्या पाठ्यवृत्तीवर मांतोंला जातात, आणि त्या व्हिलाच्या खालची एक खोली त्यांना लिहावयास मिळते. १९७४ साली तेथे जॅनेट फ्रेम गेली होती. तिने त्यावर 'इन द मेमोरियल रूम' ही कादंबरी लिहिली: एका दिवंगत लेखिकेच्या नावाने मिळालेली पाठ्यवृत्ती, तिचे स्मारक म्हणून जपलेली खोली, गावातले स्मृतिपूजक सभ्य गृहस्थ आणि गृहिणी, आणि त्यांच्या आदरातिथ्यात हळूहळू दिसेनासा होत जाणारा नवा लेखक. त्या खोलीत लिहिण्याजोगी सोयही धड नाही. फ्रेमने ही कादंबरी आपल्या हयातीत छापू दिली नाही. २००४ मध्ये ती वारली, आणि पुस्तक २०१३ साली निघाले.