दोन रात्री चंद्रपुरात

मे महिन्यात चंद्रपूरला निघालो असे सांगितले की लोक आधी आमच्या तोंडाकडे बघतात. पारा पंचेचाळीसच्या वर चढायला तिथे फार निमित्त लागत नाही. पण बियाणे-खत विक्रेत्यांची बैठक पेरणीच्या आधीच होणार, आणि ती शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या सभागृहात ठरलेली. अम्मींना पुढे गडचिरोलीला खालाजानकडे जायचे होते. म्हणून आम्ही सगळेच यवतमाळहून वणीमार्गे निघालो.

गोंड राजांचा परकोट अजून उभा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर या वेशींतून आजही रिक्षा, स्कूटर आणि शाळेच्या बसगाड्या वाट काढतात. भोवती कोळशाच्या खाणी आणि २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र. या शहराला मोठी हॉटेले दिली ती कोळसा, वीज आणि सिमेंटच्या कामाने येणाऱ्या साहेबांनी, आणि अलीकडे ताडोब्याच्या वाघाने. सकाळी जीपची वाट पाहणारे पर्यटक आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेले बैठकवाले एकाच ठिकाणी चहा पितात.

आमची एक खोली कंपनीने घेतली होती. अम्मी आणि मुलींसाठी दुसरी आम्हालाच शोधायची होती. एका ठिकाणी फोन केला. खोली होती. नाव सांगितले, तर नव्हती. खरेच भरली असेल कदाचित. हे 'कदाचित' आपल्या घरांत किती वेळा म्हटले जाते ते वाचकांना सांगायला नको. शेवटी बैठकीच्याच हॉटेलात दुसरी खोली मिळाली, पण काउंटरवर आधार कार्डे ठेवताना आम्ही जरा श्वास रोखूनच उभे होतो. तिथल्या मुलीने कार्डे पाहिली, बुरख्यातल्या अम्मींकडे पाहिले आणि म्हणाली, "आजींचे गुडघे दुखतात ना? लिफ्टजवळची खोली देते." एवढेच. आमची मोठी मुलगी नंतर म्हणाली, "अब्बा, तुम्ही तिला तीनदा शुक्रिया म्हणालात."

बाकी सगळे गोड होते असे नाही. चहा मागितला तो पाऊण तासाने आला, तोही कोमट. तीन माणसांना दोन टॉवेल. रात्री एसी इतका खडखडला की अम्मींनी तो बंद करून खिडकी उघडली, आणि मग उकाड्याने कुणालाच झोप लागली नाही.

खरा प्रश्न जेवणाचा होता. सभागृहाबाहेर लांबलचक टेबले मांडलेली. आम्ही एका वाढप्याला विचारले, "चिकन हलाल आहे का?" तो हसून म्हणाला, "हो हो, सगळं आहे सर." प्रश्न कळलाच नव्हता, हे उघड होते. शेजारच्या टेबलावर एटापल्लीकडचा एक कोवळा मुलगा पाणी भरत होता. त्यालाही तेच विचारले. तो म्हणाला, "मला माहीत नाही. विचारून येतो." पाच मिनिटांनी परतला, खाली वाकून हळूच म्हणाला, "आज कुठून आलं ते स्वयंपाकघरात कुणालाच पक्कं सांगता येत नाही. तुम्ही वरण-भात आणि वांग्याची भाजी घ्या. वांग्याचा चमचा मी वेगळा ठेवतो." आम्ही वरण-भात खाल्ला. बैठकीतले दोन-तीन ओळखीचे आपले भाऊ 'हो हो'वर भरवसा ठेवून चिकन खात होते. त्यांनाही सांगितले. एकाने ताट बाजूला सारले, दुसऱ्याने आमच्याकडे रागाने पाहिले.

त्याच संध्याकाळी खोलीत पाण्याच्या बाटल्या द्यायला तो मुलगा आला. अम्मी पलंगाच्या कडेवर बसून मगरिबची नमाज पढत होत्या. गादी मऊ असल्याने त्यांचा तोल जात होता. तो दारातूनच मागे फिरला. थोड्या वेळाने एक हात नसलेली सरळ खुर्ची, धुतलेली चादर आणि न्हाणीघरासाठी प्लास्टिकचे बुटके स्टूल घेऊन आला, म्हणजे अम्मींना पाय धुताना बसता येईल. कुणी मागितले नव्हते.

सूरह जारियातमध्ये हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या अनोळखी पाहुण्यांचा प्रसंग आहे. ते पाहुण्यांना 'काय घ्याल?' असे विचारत बसले नाहीत. गुपचूप घरात गेले, धष्टपुष्ट वासराचे मांस घेऊन आले आणि त्यांच्या जवळ नेऊन ठेवले. अम्मींनी रात्री मुलींना हा किस्सा सांगितला. मुलींना शेरशाह सूरीच्या सराया शाळेत शिकवल्या होत्या. तिथे मुसलमान आणि हिंदू मुसाफिरांची सोय ज्याच्या त्याच्या रिवाजाप्रमाणे असे, हिंदूंना पाणी आणि जेवण द्यायला ब्राह्मण नेमलेले असत, हे धाकटीने सांगितले. सोळाव्या शतकात हे जमत होते, मग हॉटेलच्या छतावर किबल्याचा एक बाण लावायला काय हरकत आहे, असा तिचा सवाल. मलेशियात आणि आखातात तो असतोच. इथे आम्ही मोबाइल फिरवून पश्चिम आणि जराशी उत्तर शोधली.

आपलेही थोडे सांगायला हवे. वजूनंतर न्हाणीघरात पाण्याचे तळे झाले होते आणि ते पुसायला त्याच मुलाला यावे लागले. बैठकीतल्या एका ताटात अर्धी बिर्याणी तशीच टाकलेली आम्ही पाहिली. वाढणाऱ्यांना 'ए, इकडे ये' अशी हाक तर सर्रास, त्यात आपलेही लोक मागे नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला 'बेटा' म्हणून बोलावले तेव्हा तो दचकून मागे वळला.

निघताना काउंटरवर अभिप्रायाचा कागद मिळाला. मोठीला टॉवेल, चहा आणि एसी, तिन्ही लिहायचे होते. अम्मी म्हणाल्या, "लिही, खोटं लिहू नकोस. पण त्या पोराचं नाव आधी लिही, मोठ्या अक्षरात." तसेच केले. सूचनांच्या रकान्यात लिहिले: किबल्याचा बाण, हात नसलेली एक खुर्ची, आणि मांसाच्या भांड्यापुढे ते हलाल आहे की नाही याची खरी पाटी, माहीत नसेल तर तसेही लिहावे.

मूल, सावली मागे टाकून वैनगंगेच्या पुलावर आलो. उन्हाळ्याची नदी, वाळूच जास्त. पलीकडून गडचिरोली जिल्हा सुरू होतो. तेंदूपानांचा हंगाम होता. अम्मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्याच्या घरीही आत्ता पानं तोडायला गेले असतील. आईचं काय चाललंय, तेवढं विचारायचं राहिलंच."