नरनाळ्याची चढण

अकोटहून शहानूरला पोहोचलो, वनखात्याच्या चौकीवर नावे नोंदवली आणि आम्ही चौघे नरनाळ्याच्या वाटेला लागलो. चढण अशी, की बोलणारा आधी थकतो! वर्गातले आमचे नामांकित वक्ते लौकरच मौनात गेले.

महाकाली दरवाजापाशी सारेच थबकले. १४८७ सालचा हा दरवाजा. त्यावरची कोरीव अक्षरे अजून टिकून आहेत. त्यानंतर तीनच वर्षांनी फत्तेउल्ला इमादशहाने वऱ्हाडात स्वतंत्र राज्य स्थापले. आमच्यातला एक मित्र मात्र दरवाजाकडे पाठ करून उभा होता. यंदाची परीक्षा झाली, की तो कॉलेज सोडणार. घरी कोरडवाहू पऱ्हाटी, वडील थकलेले.

"माहा बाप रोज हा डोंगर पाह्यते," तो म्हणाला, "पण चढाले कधी फुरसत भेटली नाही."

खाली पयनघाट दूरवर पसरला होता. त्यात तो आपले शेत शोधत होता. 'शिक्षण सोडू नकोस' हे वाक्य आम्हा तिघांच्याही ओठांवर होते. कोणी उच्चारले नाही. त्याच्या वावरात राबायला आमच्यापैकी कोण जाणार होते?

उतरताना तोच पुढे होता. म्हणाला, "कापूस निंघाला का बापाले आणतो इथं."