पायऱ्या मागण्याआधी एक काठी घेऊन बघा

पावसाळा तोंडावर आला की आपल्या धायरी-नऱ्हे-वडगाव पट्ट्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. सिंहगडाच्या पायवाटेला वरपर्यंत पक्क्या पायऱ्या करा, दोन्ही बाजूंनी रेलिंग लावा, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांना आणि महिलांना त्रास होणार नाही. यंदाही आला. खाली भराभर अंगठे पडले. मी दिला नाही, तर दोघांनी लगेच विचारलं, "तुला म्हाताऱ्या माणसांचं काहीच पडलेलं नाहीये का?" उत्तर जरा लांब आहे, म्हणून इथे लिहिते.

पडलेलं आहे हो. माझ्या घरातच ६४ वर्षांची आई आहे. निवृत्त झाल्यापासून महिन्यातून एकदा तरी आतकरवाडीतून गड चढते, वर दही खाते, आणि चालतच उतरते. तिचे गुडघे काही फार चांगले नाहीत. चढताना तिला दम लागतो, पण दम काय, दोन मिनिटं दगडावर टेकलं की जातो. खरं दुखणं उतरताना. आणि उतरतानाही सगळ्यात जास्त दुखतं ते पायऱ्यांवर. पायवाटेवर पाऊल लहान टाकता येतं, तिरकं उतरता येतं, मऊ जागा बघून पाय ठेवता येतो. पायरीला यातलं काही चालत नाही. ती जेवढी उंच, तेवढा धक्का गुडघ्याला बसणारच, तोही प्रत्येक पावलाला. रायगड पायऱ्यांनी उतरलेल्यांना दुसऱ्या दिवशीच्या पोटऱ्या आठवत असतील.

म्हणजे ज्यांच्या नावाने पायऱ्या मागतोय, त्यांनाच त्या जास्त टोचतात. वर पावसाळ्यात सिमेंटवर शेवाळ धरतं ते वेगळंच. जिथे कडा आहे, गर्दी आहे, तिथे रेलिंग हवंच, त्यावर वाद नाही. ज्यांना अजिबात चालवत नाही त्यांच्यासाठी रायगडाला रोपवे आहे, सिंहगडाला गाडीरस्ता आहे, त्यालाही माझी हरकत नाही. पण ज्यांना चालायचंय आणि फक्त गुडघ्याची, घसरण्याची धास्ती आहे, अशांची संख्या खूप मोठी आहे. त्यांच्यासाठी डोंगर फोडण्याच्या आधी करण्यासारखी एक स्वस्त गोष्ट आहे. ट्रेकिंग पोल. मी आपली काठीच म्हणते.

"हे सगळं फॅड आहे, आपले मावळे काय पोल घेऊन चढत होते का?" ही कमेंट येणार, म्हणून आधीच सांगते. काठी आपल्याकडे परकी नाही. धनगरवाड्यावरचा कोणताही माणूस बघा, काठीशिवाय डोंगरात पाऊल टाकत नाही. आपण शहरातले लोक तेवढे काठीला लाजतो. आईसुद्धा पहिल्यांदा फणकारली होती, "मला काय म्हातारी ठरवतेस का गं?" मी वाद घातला नाही. उतरताना माझ्या हातातली तिच्या हातात दिली. वाड्यापाशी पोहोचल्यावर परत मागितली, तर म्हणाली, राहू दे माझ्याकडेच.

आता काठीने खरंच फरक पडतो का? १९९९ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात श्वामेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून बघितलं होतं. २५ अंशांच्या उतारावर ८ जणांना दोन काठ्या घेऊन आणि काठ्यांशिवाय चालायला लावलं. काठ्या घेतल्यावर गुडघ्यावर येणारा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरला. प्रयोग छोटा आहे, आणि तो काठी नीट वापरणाऱ्यांवर केलेला आहे. काठी नुसती फोटोत धरली तर गुडघ्याला काही कळत नाही, तिच्यावर वजन टाकावं लागतं. पण एका उतरणीत आपण किती हजार पावलं टाकतो याचा हिशोब करा.

तर काठी कोणती घ्यायची. इथे लोक फार फसतात. दोन्ही बाजूंनी फसतात.

एका दुकानात मी आईसाठी काठी बघायला गेले होते. तिथल्या मुलाने थेट कार्बनची जोडी पुढे केली, साडेचार हजारांची. "मॅडम, वजनाला एकदम हलकी." हलकी असते, खोटं नाही. पण ॲल्युमिनियमची साधी काठी २०० ते ३०० ग्रॅमच्या आसपास भरते, कार्बनची त्याहून पन्नास-शंभर ग्रॅम कमी. महिन्यातून एकदा सिंहगड आणि वर्षातून एकदा राजगड करणाऱ्या माणसाला त्या पन्नास ग्रॅमचं काय कौतुक? उलट आपल्याकडची दगडांची खाच बघा. काठीचं टोक दोन धोंड्यांच्या मध्ये अडकलं आणि आपण पुढे गेलो, की ॲल्युमिनियम वाकतं, कार्बन मात्र कट्कन मोडू शकतं. वाकलेली काठी घरापर्यंत साथ देते. त्यामुळे आपल्यासारख्यांनी बिनधास्त ॲल्युमिनियम घ्यावं. साध्या कंपनीची बरी काठी ५०० ते १,००० रुपयांत एक मिळते.

दुसरी फसवणूक ऑनलाइनची. मुठीत होकायंत्र, वर टॉर्च, आत स्प्रिंग, आणि किंमत तीनशे. होकायंत्र सिंहगडावर कशाला हवंय? स्प्रिंगला ते अँटीशॉक म्हणतात. तिने वजन वाढतं, काठी टेकल्यावर लिबलिबते आणि बिघडायला एक गोष्ट जास्त. माझ्या ऑफिसातल्या एकाने अशीच एक मागवली होती. तोरण्याच्या उतारावर, मुरमात, त्याने भार टाकला आणि काठी दुर्बिणीसारखी आतल्या आत गेली. माणूस बसला जोरात, सुदैवाने कडेला नव्हता. असली काठी नसलेली बरी. हात रिकामा असता तर त्याने जपून पाय टाकला असता.

म्हणून किंमत बघण्याआधी लॉक बघा. लॉक दोन प्रकारचे असतात. एक पिळायचं, नळी नळीत घालून फिरवून घट्ट करायचं. दुसरं बाहेरून खटका दाबून बंद करायचं, सायकलच्या सीटखाली असतो तसं. आपल्या पावसात आणि चिखलात पिळायचं लॉक त्रास देतं. आत बारीक माती जाते, ओल्या हाताने नीट पिळलं जात नाही, आणि बाहेरून बघून घट्ट बसलंय की नाही ते कळतही नाही. खटक्याचं लॉक डोळ्यांना दिसतं, सैल झालं तर त्याचा स्क्रू आवळता येतो. शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी खटक्याचंच घ्या. आणि दुकानातच परीक्षा करा. काठी उघडा, लॉक लावा, टोक जमिनीला टेकवा आणि दोन्ही हातांनी अंगाचं वजन टाका. अर्धा इंच जरी आत सरकली तरी परत ठेवा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

मूठ फोमची असावी, घामाचा हात घसरत नाही. कॉर्कची छानच, पण महाग. गुळगुळीत कडक प्लास्टिकची नको, दोन तासांत फोड येतात. टोकाचं रबरी टोपण बदलून मिळतं का तेही विचारा. ते झिजतं, आणि पावसाळ्यात चिखलात निघून राहतं, हे गृहीत धरून एखादं जास्तीचं घेऊन ठेवा. तीन भागांची काठी मिटवल्यावर साठ-पासष्ट सेंटिमीटरची होते, पाठपिशवीच्या बाजूला मावते, एसटीत कुणाच्या डोळ्यात जात नाही.

उंचीचं गणित सोपं आहे. काठी जमिनीवर टेकवून मूठ धरली की कोपर काटकोनात यायला हवं. आई ५ फूट २ इंच आहे, तिला १०५ ते ११० सेंटिमीटर बसते. चढताना थोडी आखूड करायची, उतरताना पाच-दहा सेंटिमीटर वाढवायची. हे उतरतानाचं वाढवणं निम्मे लोक करतच नाहीत, आणि मग वाकून वाकून कंबर दुखली म्हणून काठीला शिव्या देतात. एक की दोन? गुडघ्यासाठी दोन चांगल्या, वरच्या प्रयोगातही दोनच होत्या. पण बजेट हजाराचं असेल तर दोन डगमगत्या घेण्यापेक्षा एक भक्कम घ्या. घरात दोघं चालणारे असतील तर प्रत्येकी एक, आणि उतरताना ज्याचे गुडघे कुरकुरतात त्याला दोन्ही.

आता जरा गंभीर. काठी कुठे वापरायची नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, हरिहरच्या त्या उभ्या कोरीव पायऱ्या, राजगडाच्या बालेकिल्ल्याची चढण, अशा ठिकाणी काठी मिटवून पिशवीला बांधा. तिथे हात मोकळे लागतात. मनगटात अडकवलेली काठी लोंबकळत कड्यावर चढणारे लोक मी पाहिलेत, बघून आपल्याच पोटात गोळा येतो. घसाऱ्यावरून आडवं जातानाही मनगटाचा पट्टा काढून ठेवा. घसरलात तर काठी सुटून गेलेली परवडते, ती हाताला अडकून मनगट पिरगळलेलं परवडत नाही. ओल्या कातळावर लोखंडी टोक सरकतं, तिथे रबर लावा, पण त्याच्यावरही भरवसा बेताचाच. मुरूम आणि चिखलात मात्र रबर काढून टोक रुतू द्या. आणि गडाच्या दरवाजात, मंदिराच्या फरशीवर, जुन्या घडीव दगडांवर टोपण लावल्याशिवाय काठी टेकवू नका. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्या १२ किल्ल्यांत राजगड, रायगड, शिवनेरी, लोहगड आहेत. सिंहगड त्यात नाही, पण म्हणून त्याच्या दगडावर ओरखडे काढायला परवानगी मिळत नाही.

बऱ्याच गडांच्या पायथ्याला वीस-तीस रुपयांना बांबूची काठी मिळते. मला ती मनापासून आवडते. पैसा गावात राहतो, आणि एकदाच येणाऱ्याला सातशेची खरेदी करावी लागत नाही. अडचण एवढीच की लोक ती वरच टाकून देतात, उंची कमीजास्त होत नाही, आणि खालचं टोक चिरलं की ओल्या दगडावर घसरते. टोकाला जुन्या टायरच्या रबराचा तुकडा ठोकला आणि परत आणून देणाऱ्याला दहा रुपये परत दिले, तर दोन अडचणी जागच्या जागी सुटतील.

यापुढेही जाता येईल. सिंहगडावर गाड्यांकडून उपद्रव शुल्क घेतलं जातं. त्या पैशातून आतकरवाडीत पन्नास चांगल्या काठ्यांचा एक स्टँड उभा करा. भाड्याने द्या, अनामत ठेवा, काम गावातल्या बचत गटाला द्या. सातशे रुपयांच्या हिशोबाने पन्नास काठ्या म्हणजे ३५ हजार. पायऱ्यांचं एखादं टेंडर कितीला जातं ते माहिती अधिकारात विचारून बघा, म्हणजे ही रक्कम किती किरकोळ आहे ते दिसेल. काठ्या चोरीला जातील म्हणता? दहा जातील. चाळीस राहतील ना.

असा अर्ज मी वनविभागाच्या नावाने लिहून ठेवलाय, मराठीत, एका पानाचा. त्यावर आपल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या सह्या मिळाल्या तर वजन येईल. कुणाची ओळख असेल तर सांगा, मी स्वतः येऊन भेटते.

आणि तोवर, आमच्या सोसायटीत आम्ही चौघींनी मिळून सहा काठ्या घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवल्यात. वहीत नाव लिहायचं, न्यायची, धुऊन, भाग सुटे करून वाळवून परत आणायची (ओली मिटवून ठेवली तर लॉक गंजतं, हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहिलंय). येत्या रविवारी त्यातल्या चार रिकाम्या आहेत. आई आणि मी साडेपाचला निघतोय. धायरी फाट्यावरून कुणाला यायचं असेल तर शनिवारी रात्रीपर्यंत मेसेज करा, आणि उंची किती ते लिहा.